दिवा का लुकलुकतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता वाय-फाय आले असेल. भिंतीवर एक छोटी पेटी असते. तिला राउटर म्हणतात. तिच्यावर लहान लहान दिवे असतात. घरातील एखादे यंत्र माहिती पाठवू किंवा मागवू लागले, की त्यांतला एक दिवा लुकलुकतो. या दिव्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो प्रसंग आज तुम्हांला सांगते.

आमचे गाव सिद्धेश्वर. ते हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात आहे. गावाजवळ पूर्णा नदीवर धरण आहे. याच नदीवर वरच्या बाजूला येलदरीचे धरण आहे. तेथून सोडलेले पाणी आमच्या जलाशयात येते आणि पुढे कालव्याने शेतांकडे जाते. ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. त्यामुळे कालवा, पाट, चारी हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते शब्द या गोष्टीत पुढे उपयोगी पडणार आहेत.

आमच्या शेजारी एक खाला राहतात. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. त्यांच्या घरी एकच मोबाइल. वडील संध्याकाळी कामावरून आले, की तो तिच्या हाती येई. मी तिला आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. ती रोज आमच्या ओट्यावर बसून गणिताचे धडे पाहत असे.

एका महिन्यात मात्र नवलच घडले. महिन्याचा ठरलेला डेटा पंधरा तारखेलाच संपला. मग इंटरनेटचा वेग अगदी कमी झाला. धडा दोन मिनिटे चाले आणि थांबे. पुढच्या महिन्यातही तोच प्रकार सुरू झाला. रात्री अकरा वाजता मी राउटरकडे पाहिले, तर दिवा सारखा लुकलुकत होता. माझा फोन तर बंद होता. लॅपटॉपवर मी फक्त प्रश्नपत्रिका लिहीत होते. माझ्या मनात आले, ‘ही मुलगी घरी बसूनही आमचेच वाय-फाय वापरते की काय? एवढे पाहते तरी काय?’

मी तिला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप पासवर्ड बदलून टाकला.

संध्याकाळी ती आली. थोडा वेळ फोनशी झटली आणि म्हणाली, “बाजी, आज लागत नाही.”

“बघू,” एवढेच म्हणून मी आत गेले. थोड्या वेळाने पाहिले, तर ओटा रिकामा होता.

त्या रात्री मी पुन्हा प्रश्नपत्रिका लिहायला बसले. सहज वर पाहिले. दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत होता! नवा पासवर्ड तर फक्त माझ्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये टाकलेला होता.

मला अब्बांची आठवण झाली. अब्बा शेती करीत. शेवटच्या शेतात पाणी पोचले नाही, की लोक वरच्या शेतकऱ्याला बोल लावत. अब्बा मात्र म्हणत, “आधी पाटाच्या काठाने चालत जा. पाणी कुठं फुटलंय ते डोळ्यांनी बघ. मग कोणाचं नाव घे.” मी मात्र काठाने न चालताच एका मुलीचे नाव घेतले होते.

मग मी शोधाला लागले. प्रथम फोन पूर्ण बंद केला. दिवा लुकलुकतच राहिला. नंतर लॅपटॉपचे वाय-फाय बंद केले. दिवा जवळजवळ शांत झाला. पुन्हा सुरू केले, दिवा पुन्हा धावू लागला. म्हणजे पाणी माझ्याच शेतात फुटले होते!

पण लॅपटॉपमधील कोणता प्रोग्रॅम हे करीत होता? माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा मी एकदम दाबल्या. टास्क मॅनेजर उघडले. त्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी असते. ‘नेटवर्क’ या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले, की सर्वांत जास्त माहितीची ने-आण करणारा प्रोग्रॅम वर येतो. अधिक तपशील हवा असेल, तर रिसोर्स मॉनिटर उघडावे. कोणत्या प्रोग्रॅमने किती माहिती पाठवली आणि किती घेतली, हे त्यात वेगवेगळे दिसते.

यादी पाहून मी थक्क झाले. मी एकच काम करीत होते, पण आत कितीतरी प्रोग्रॅम जागे होते. एक घड्याळाची वेळ जुळवीत होता. एक नवी पत्रे आली का ते पाहत होता. एक विंडोजच्या सुधारणा शोधत होता.

पूर्वी असे नव्हते. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करीत आणि काम झाले की ती तोडून टाकीत. जोडणी तुटली, की सगळी ने-आण थांबे. आता जोडणी रात्रंदिवस चालू असते. म्हणून आपण काही करीत नसतानाही दिवा अधूनमधून लुकलुकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र तो तासन्‌तास थांबलाच नाही, तर कारण शोधावे.

माझ्या यादीत सर्वांत वर एक प्रोग्रॅम होता. आपल्या फायलींची प्रत तो इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर ठेवतो. लॅपटॉप बिघडला तरी फायली वाचाव्यात, हा त्याचा चांगला हेतू. काही आठवड्यांपूर्वी पडद्यावर एक प्रश्न आला होता आणि मी न वाचताच ‘होय’ केले होते. पुढे स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती मी त्याच फोल्डरमध्ये टाकल्या. प्रोग्रॅम त्या इमानाने वर पाठवीत होता. संपल्या, की मी नव्या टाकीत होते!

आता थोडे गणित करू. चित्रफिती होत्या ४० जीबी. म्हणजे ४०,००० एमबी. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ३,२०,००० मेगाबिट. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने त्या पाठवायला १,६०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ४४ तास लागतात. लॅपटॉप रोज तीन तास चालू असला, तर पंधरा दिवस झाले! पाठवलेली माहितीही आमच्या डेटात मोजली जात होती. शिवाय पाठवण्याची वाट भरून गेली, की धडे पाहणाऱ्याचाही वेग मंदावतो.

मी तो प्रोग्रॅम थांबवला. दिवा शांत झाला. पुन्हा सुरू केला, दिवा धावू लागला. आता शंका उरली नाही. चित्रफिती मी वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आणि फक्त कागदपत्रांची प्रत ठेवायला प्रोग्रॅमला सांगितले. विंडोजच्या सेटिंगमध्ये या जोडणीवर ‘मीटर्ड’ अशी खूण केली. डेटा मोजका आहे हे त्यामुळे विंडोजला कळते आणि बरीचशी मोठी कामे मागे पडतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. यादीत अनोळखी नाव दिसले, की लगेच ते पुसून टाकू नका. ते विंडोजच्याच कामाचे असू शकते. तो प्रोग्रॅम कोणाचा आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहा. शंका वाटली, तर अँटिव्हायरसने तपासा आणि जाणत्या माणसाला विचारा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या वेळी जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. ती मी पहिल्याच रात्री पाहिली असती, तर त्या मुलीचा फोन जोडलेला आहे की नाही हे पाच मिनिटांत कळले असते.

दुसऱ्या दिवशी मी खालांच्या घरी गेले. मुलीला सारे खरेखरे सांगितले. “मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. मला माफ कर,” असे म्हणाले.

ती खाली मान घालून म्हणाली, “बाजी, मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. म्हणून परत विचारलं नाही.”

मला फार वाईट वाटले. दोष माझा होता आणि तो ती स्वतःकडे घेऊन बसली होती. मी नवा पासवर्ड तिच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिला. बुडालेला धडा त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून पाहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी डेटा लवकर संपेल, कधी वेग मंदावेल. तेव्हा एकेक यंत्र बंद करून दिव्याकडे पाहा. यादी उघडा. एका वेळी एकच बदल करा आणि काय होते ते तपासा. पण कोणाचे नाव घेण्याची घाई करू नका. राउटरची चूक एका रात्रीत सुधारते. दुखावलेले मन मात्र लवकर सावरत नाही.