शोधाचे पैसे

शिर्डीत खोली शोधणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो. गाडी समृद्धी महामार्गावरून उतरलेली असते, मुलं पेंगलेली असतात, पहाटेची काकड आरती गाठायची असते आणि मागच्या सीटवरून कुणीतरी मोबाइलवर ‘शिर्डी भक्तनिवास’ असं टाकतं. जे सगळ्यात वर येतं त्यावर बोट जातं. त्या ओळीजवळ बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, पण ते वाचायला त्या वेळी सवड कोणाला?

आमचं लॉजिंग आहे, त्यामुळे पुढचं काउंटरवर बघायला मिळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भातलं एक कुटुंब रात्री उशिरा आलं. भक्तनिवासाच्या नावाने दिसलेल्या एका नंबरावर त्यांनी दोन खोल्यांचे पैसे आगाऊ पाठवले होते आणि साईबाबा संस्थानाच्या खिडकीवर त्यांची नोंदच नव्हती. आजी बाकावर टेकल्या होत्या, मुलगा पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होता. “काका, सगळ्यात वर होतं हो, म्हणून भरले,” एवढंच म्हणत होता. त्यांना खोली दिली, पैशांचं सकाळी बघू म्हणालो आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० लावून दिला.

‘सगळ्यात वर होतं’ हे मात्र डोक्यातून जाईना. वर कोण येणार हे जर पैसे देणारा ठरवत असेल, तर शोधणाऱ्याने स्वतःच पैसे दिले तर काय होईल, हे मला बघायचं होतं.

हा विचार काही नवा नाही. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये गूगलची रचना मांडणारा निबंध लिहिला. जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन शोधणाऱ्यापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणार, हे त्याच्या परिशिष्टात त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी नोकरी सोडून ‘नीवा’ नावाचं, वर्गणीवर चालणारं सर्च इंजिन काढलं. २०२३ मध्ये ते लोकांसाठी बंद झालं. लोकांना पैसे भरायला राजी करण्यापेक्षा त्यांची सवय मोडणं अवघड गेलं, असा त्यांचा अनुभव. तो वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण सवय म्हणजे काय चीज आहे ते मी रोज पाहतो.

मी घेतलं ते तसंच वर्गणीवरचं ‘कागी’. २०२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. पहिले १०० शोध फुकट, मग महिना पाच डॉलरमध्ये ३०० शोध आणि दहा डॉलरमध्ये हवे तेवढे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार चालू करावे लागले, मग पैसे गेले. जाहिरात एकही नाही. मला सगळ्यात आवडली ती निकालाशेजारची ढालीची छोटी खूण. ती दाबली की ते संकेतस्थळ वर घ्यायचं, खाली ढकलायचं, कायमचं बंद करायचं की पहिल्या जागी टाचून ठेवायचं, हे आपण ठरवायचं. मी साईबाबा संस्थानचं अधिकृत संकेतस्थळ टाचून ठेवलं आणि एजंटांची, नक्कल केलेली एकेक करून बंद केली. आता ‘भक्तनिवास’ टाकलं की आधी संस्थानच दिसतं.

पाच डॉलरमध्ये शोध मोजून मिळतात म्हटल्यावर विचारण्यातही फरक पडला. आधी अर्धवट शब्द टाकून दहा पानं उघडायचो. आता काय हवंय ते मनात नीट जुळवून मगच टाइप करतो.

खाजगीपणाचा प्रश्न मला इथे राहिल्यामुळे जास्त टोचतो. समाधीपुढे कोण काय मागतं, हे कोणी कोणाला विचारत नाही. पण इथे येण्याआधी तेच मागणं मोबाइलमध्ये टाइप झालेलं असतं: मूल होत नाही, डायलिसिस, मुलीचं लग्न, कर्ज. कर्ज म्हटलं की कर्जाच्या जाहिराती हजर. पैसे भरून शोधायचं तर खातं लागतं, मग आपलं नाव शोधाला चिकटणारच की, असं मलाही वाटलं. त्यावर कागीने २०२५ मध्ये सोय आणली. रामनवमीच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट खिडकीवर घेतलं की पाळणेवाला तिकीट बघतो, नाव विचारत नाही. तसं ही सोय चालू केली की वर्गणी भरल्याचा पुरावा तेवढा जातो, कोणी भरली ते जात नाही.

पण रात्री उघडं असलेलं मेडिकल, राहात्याला जाणारी शेवटची गाडी, असलं काही विचारायचं तर मी अजूनही चौकात फोन लावतो. ही माहिती इंटरनेटवर कोणी टाकलेलीच नाही. मराठीत तर नाहीच. पैसे भरले म्हणून ती उगवत नाही, ती आपणच लिहायला हवी.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आता कागीच चालू आहे. धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, दर महिन्याला पैसे घालवतोसच, तर तेच जाहिरातीत घाल ना, आपणच वर येऊ.” धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे; आसपासचे बरेच जण जाहिरात देतात आणि त्यांच्या खोल्या आधी भरतात. मला मात्र अजून ते मनापासून पटत नाही. गुरुवारी पालखीची गर्दी ओसरली की आमचा हाच विषय निघतो आणि अजून एकमत झालेलं नाही.