मीटर कागदावर, फूट जिभेवर

देवनारात सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी जुनी इमारत पत्र्याआड गेलेली दिसते. आमच्या शेजारचीही गेली. शनिवारी चहा घेऊन खिडकीत बसलं की खालचे संवाद फुकटात ऐकू येतात. "चार सूत की सळई इधर!" "दो ब्रास खडी आयी क्या?" आणि त्याच साईटच्या ड्रॉइंगवर सगळं मिलिमीटरमध्ये!

आपल्याकडे मेट्रिकचा कायदा झाला 1956 साली. 1958 च्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागले. आज वाण्याकडे शेरभर साखर कुणी मागत नाही. मग बांधकामातच फूट कसा टिकला? मला वाटतं, वाण्याची वजनंच बदलली, जुनं माप हातातून गेलं. मिस्त्रीच्या टेपवर मात्र एका कडेला सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला इंच. प्लायवूड आठ बाय चारचं. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजायची, गुणायची आणि शंभराने भागायचं, की झाले ब्रास. हा हिशेब तोंडी होतो. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, हे कोण लक्षात ठेवणार?

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड मेट्रिक, फ्रंटएंड फूट. चालतं की! फक्त कन्व्हर्जन होताना मध्ये काय गळतं ते बघावं लागतं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे चार सूत झाले 12.7 मिलिमीटर. बाजारात 'चार सूत' म्हणून मिळते ती सळई 12 ची. फरक किरकोळ वाटतो, पण पोलाद मोजायचं व्यासाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ 11 टक्के कमी! नव्या बांधकामात हिशेबच मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे काळजी नाही. फुटा-इंचातल्या जुन्या इमारतीची दुरुस्ती करताना मात्र नाव तेच आणि सळई बारीक. आजचं पोलाद जुन्यापेक्षा दणकट, म्हणून निभावतं.

घराचं गणित तर आणखी मजेशीर. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी 225 चौरस फुटांचं घर मिळायचं, मग 269 चं. हा विचित्र आकडा आला कुठून? 25 चौरस मीटरमधून! मीटर एकदाच जिंकला. 2018 मध्ये लागू झालेल्या नियमावलीत 27.88 चौरस मीटर आले, म्हणजे बरोबर 300 फूट. फुटाने परत बाजी मारली :)

यात हसण्यासारखं नाही ते एवढंच, की आपली सही मीटरवर होते. रेरा आल्यापासून करारात कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये असतो. बोलणी मात्र फुटात. समजा, सभेत 480 चौरस फूट ठरले आणि करारात 44 चौरस मीटर आले. कुणाच्या लक्षात येणार? 44 म्हणजे 473.6. फुटाला वीस हजार धरले तरी सव्वा लाखाच्या वर गेले.

आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "मीटरमधलं घर डोळ्यापुढेच येत नाही रे." पटतं मला. दहा बाय दहा म्हटलं की पलंग कुठे, कपाट कुठे, सगळं दिसतं. म्हणून घर बघताना खुशाल फुटात बघा. सही करताना मात्र मोबाईल काढा, करारातला आकडा 10.764 ने गुणा आणि मगच पेन उघडा.