पायांचं काम हातांकडे

टेल्कोची (नंतरच्या टाटा मोटर्सची) पाळी सुटली की पिंपरी-चिंचवडचे रस्ते सायकली, लूना आणि बजाजच्या स्कूटरनी भरून जायचे. त्या गर्दीत अधूनमधून एक वेगळी स्कूटर दिसायची. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक चाक, आणि कडेला पट्ट्याने बांधलेल्या कुबड्या. चालवणारा बहुतेक लहानपणी पोलिओ झालेला. तिच्याकडे फारसं कुणी वळून बघत नसे, कारण साइड व्हीलची स्कूटर हा आमच्या औद्योगिक गावाचाच भाग होता.

बजाजच्या स्कूटरचा क्लच हातात होता, गिअरही हातात होता. पायाला उरायचा फक्त मागचा ब्रेक. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तो दांडी जोडून हातापाशी आणून द्यायचे. वेल्डर माणसाला सीटवर बसवायचा, हात कुठवर पोहोचतो ते डोळ्यांनीच मोजायचा आणि पाइप वाकवायचा. नकाशा नाही, मंजुरी नाही. अडायचं ते किकपाशी. स्कूटर चालवता यायची, पण सुरू करायला दुसऱ्याचा पाय लागायचा. 1984 मध्ये बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि रोज सकाळी शेजाऱ्याला हाक मारणं थांबलं. जाहिराती तिच्या आरामाबद्दल बोलत होत्या; या माणसांना तिनं दिलं ते स्वातंत्र्य होतं.

मणक्याला इजा झालेल्यांची गोष्ट मात्र निराळी होती. पोलिओत पाय लुळे पडले तरी स्पर्श कळतो. मज्जारज्जू दुखावला की बहुधा इजेच्या खालची संवेदनाही जाते, आणि इजा वर असेल तर पाठ-पोटाचा तोलही. असा माणूस स्कूटरवर टिकणार कसा? 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पुढे ते इथंच टेल्कोत नोकरीला होते. खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 मध्ये सुरू झालं. उपचार, निवारा, नोकरी, खेळ, सगळ्याचा विचार होत होता. पण अशा माणसाला वेगवान गाडीची हौस असेल, हे कुणाच्या मनातही येत नसे. स्पोर्ट्स कार धडधाकट माणसांनाही फक्त कॅलेंडरवर दिसायची.

तिकडे युरोपात फेरारीसाठी शर्यती जिंकलेल्या क्ले रेगाझोनीला 1980 च्या लाँग बीचच्या अपघातात अर्धांगत्व आलं. तरी हातांच्या नियंत्रणावर तो पुन्हा रॅलींमध्ये उतरला. आपल्याकडे अशी बातमी यायला 2004 उजाडलं. लष्करी प्रशिक्षणात मान दुखावलेल्या कॅप्टन नवीन गुलिया यांनी दिल्लीहून लडाखमधल्या मारसिमिक ला या खिंडीपर्यंत गाडी नेली. हातांनी चालेल अशी बदललेली ती टाटा सफारी होती, म्हणजे आमच्या पिंपरीची लेक. मग 2009 मध्ये दीपा मलिक रेड द हिमालय रॅलीत उतरल्या. मणक्यातल्या ट्यूमरमुळे त्यांना छातीखाली संवेदना नाही. त्या अनेक वर्षं अहमदनगरला राहत होत्या, आणि महाराष्ट्राकडूनही खेळल्या.

त्याच 2009 मध्ये आमच्या शेजारच्या चाकणचं रूप पालटत होतं. फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही पिंपरीतून तिकडे गेली. 2013 मध्ये चाकणची पोलो जीटी टीएसआय आली आणि तिच्यात डीएसजी गिअरबॉक्स होता. दोन क्लच, दोन्ही यंत्राच्या ताब्यात, आणि पायाखाली क्लचचं पेडल नाही. पुढे 2020 मध्ये मर्सिडीजनं आपल्या वेगवान एएमजी गाड्यांची जुळणीही चाकणला सुरू केली.

मला गंमत वाटते ती इथं. क्लचचं पेडल काढलं ते अपंगांसाठी नव्हे, वेगासाठी. पायापेक्षा यंत्र लवकर गिअर बदलतं म्हणून. स्टिअरिंगमागचे पॅडल आले शर्यतींतून, हात चाकावरून सुटू नये म्हणून. ॲक्सिलरेटरची तारही गेली, इलेक्ट्रॉनिक संदेश आला. ज्या गाडीचा अपंग माणसाशी संबंधच नाही असं आपण धरून चाललो होतो, तीच अर्ध्या वाटेवर चालत आली होती. जुन्या फियाटच्या तीन पेडलांवर दांड्या बसवायला जी खटपट लागायची, तिच्या मानानं आज एक दांडा पुरतो: पुढे ढकला, ब्रेक, खेचा, वेग. दुसरा हात चाकावरच्या गोल मुठीवर. पाय आकडीनं पेडलवर आपटू नयेत म्हणून पुढे एक आडोसा.

तरी निवड सोपी नाही. स्पोर्ट्स कारचं सीट व्हीलचेअरपेक्षा बरंच खाली असतं. खुर्चीतून सीटवर उतरायला सोपं, पुन्हा वर चढायला खांद्यांची परीक्षा. बकेट सीटच्या उंच कडा वळणावर धड सावरतात, पण सरकताना आडव्या येतात. कडक गादीवर जखम झालेली कळत नाही. दोन दारांच्या गाडीचं दार मोठं, ही जमेची बाजू. ते पूर्ण उघडायला पार्किंगमध्ये जागा मिळाली तर. चाकं काढलेली खुर्ची मांडीवरून पलीकडच्या सीटवर टाकता येते का, हे इंजिनाच्या ताकदीआधी बघायचं. म्हणून कॅटलॉग नंतर, आधी स्वतः बसून-उठून बघणं.

कायदाही हळूहळूच सरकला. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातली अपंगांच्या वाहनाची व्याख्या मुळापासून तसंच घडवलेलं वाहन धरायची. नंतर बदललेलं तिच्यात बसत नसे. 2019 च्या दुरुस्तीनं बदललेल्या गाडीलाही जागा दिली. 2017 च्या जीएसटीत अस्थिव्यंग ग्राहकाला सवलत होती, पण गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तरच. म्हणजे जाण्यायेण्याला सवलत, हौसेला नाही. चाकणची ती पोलो 3971 मिलिमीटर लांब आणि 1197 सीसीची होती. नियमाच्या रेघेच्या आत राहून हौस भागवणारी गाडी शेवटी आपल्याच पट्ट्यात निघाली.

भोसरीच्या त्या वेल्डरची आठवण मला येते, त्याच्या मापाची आणि आपुलकीची. बिनमंजुरीच्या ब्रेकची मुळीच येत नाही. खरा फरक शोरूममध्ये दिसतो. पूर्वी विक्रेता सोबत आलेल्याला विचारायचा, ‘चालवणार कोण?’ आता जाणता विक्रेता खुर्चीतल्या माणसालाच विचारतो, ‘टेस्ट ड्राइव्ह कधी घेताय?’

आणि वेगाचं म्हणाल, तर संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात एएमजी काय आणि लूना काय, सगळ्यांचा वेग सारखाच. तिथं क्लच दाबून डावा पाय भरून येतो तो आमच्यासारख्यांचा. हातांनी चालवणारा मात्र गाणी ऐकत निवांत बसलेला असतो.