गार पास्त्यातील पाण्याचा हिशेब

गरम पदार्थाची चव तो चुलीवरून उतरताच कळते आणि त्यात काही उणे राहिले असेल तर ते तिथल्या तिथे भरून काढता येते. गार पास्ता सॅलडच्या बाबतीत ही सोय नसते. शिजवलेला पास्ता, कच्च्या किंवा जेमतेम वाफवलेल्या भाज्या आणि मेयोनीजचे दाटसर मिश्रण एकत्र कालवून काही तास फ्रिजमध्ये ठेवायचे व मगच वाढायचे, अशी या पदार्थाची रीत असल्यामुळे तो करणाऱ्याला चार-सहा तासांनंतरच्या चवीवर नजर ठेवून आत्ता हात चालवावा लागतो. त्या मधल्या काळात भांड्याला कोणी स्पर्शही करत नाही, तरी आत पास्ता ओल शोषत असतो, भाज्या पाणी सोडत असतात आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत मिश्रण कधी कोरडे पडते, तर कधी पातळ होऊन तळाशी साचते. पाणी कोठून निघेल आणि कोठे मुरेल, याचा आगाऊ अंदाज बांधणे हेच या पदार्थातले बहुतेक कसब आहे. उरलेले काम सुरी आणि पातेले करते.

इटलीत उन्हाळ्यात गार पास्ता खाल्ला जातो, परंतु त्याला बहुधा ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर किंवा लिंबू लावलेले असते. मेयोनीजने दाट झालेले रूप मुख्यत्वे अमेरिकेतले आहे, आणि तयार थंड पदार्थ, चीज व मांसाचे काप विकणाऱ्या तेथील ‘डेली’ नावाच्या दुकानांशी त्याचे जवळचे नाते आहे. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने १९०५ मध्ये न्यूयॉर्क शहरात असेच एक दुकान उघडले आणि १९१२ च्या सुमारास तो आपले मेयोनीज बरण्यांत भरून विकू लागला. असे तयार मेयोनीज हाताशी आल्यानंतर, घरी अंडे आणि तेल घोटत बसण्याचा खटाटोप टळून, मॅकरोनी सॅलड हा सहलींचा आणि सामूहिक जेवणांचा हुकमी पदार्थ झाला. हवाई बेटांवर त्याने आणखी वेगळे वळण घेतले. तेथील ‘प्लेट लंच’ नावाच्या ताटात भाताच्या दोन मुदींशेजारी मॅकरोनी सॅलडची एक मूद असते, आणि त्या सॅलडासाठी मॅकरोनी मुद्दाम अगदी मऊ होईपर्यंत शिजवून, गरम असतानाच तिच्यावर व्हिनेगर शिंपडण्याची पद्धत आहे. इटालियन शिस्तीत वाढलेल्या स्वयंपाक्याला हा अपराध वाटेल, पण त्यामागे पक्के कारण आहे.

सुका पास्ता डुरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून बनतो. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी डुरमचा रवा सक्तीचा केलेला आहे. या गव्हातील प्रथिनांचे जाळे घट्ट असते आणि त्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण अडकलेले असतात. उकळत्या पाण्यात हे कण फुगतात, मऊ होतात आणि दाताखाली किंचित प्रतिकार उरेल अशी अवस्था येते, तिला इटालियन लोक ‘अल देन्ते’ म्हणतात. गरम वाढायच्या पास्त्यासाठी हीच अवस्था योग्य होय. मात्र शिजलेला पास्ता गार होऊ लागला की पिष्टाचे विखुरलेले रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रचनाबद्ध होतात, आतले पाणी सैल करतात आणि पदार्थाला ताठरपणा आणतात; शिळा भात फ्रिजमध्ये टणक होतो तो यामुळेच, आणि ही क्रिया गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानाला विशेष वेगाने होते. म्हणून चुलीवर अल देन्ते असलेला पास्ता दुपारी फ्रिजमधून बाहेर येतो तेव्हा रबरासारखा चिवट लागतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटे अधिक शिजवावे, हा यावरचा साधा उपाय आहे. हवाईतील पद्धत याच मार्गाने जरा जास्त पुढे जाते. पास्ता भाजीपासून वेगळा कळावा अशी ज्याची अपेक्षा असेल त्याने मात्र इतके मऊ होऊ देऊ नये.

पास्ता उकळताना मीठ हात राखून घालणे येथे महागात पडते, कारण दाण्याच्या आत मीठ पोचण्याची ती एकच संधी असते आणि वरून लावलेल्या मिश्रणातले मीठ बराचसा काळ पृष्ठभागावरच राहते. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हे इटालियन घरांतले प्रमाण सॅलडलाही चालते. पुढचा वाद धुण्याचा आहे. गरम सॉससाठी पास्ता धुवायचा नसतो, कारण पृष्ठभागावरील पिष्टाचा चिकट थर सॉसला धरून ठेवतो. गार सॅलडमध्ये तोच थर तुकड्यांना एकमेकांशी जोडून गोळे करतो, म्हणून थंड पाण्याखाली झटपट धुवून, चाळणीत हलवून पाणी पूर्ण निथळू देणे हिताचे. निथळण्यास दिलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत, कारण नळीदार पास्त्याच्या पोकळीत दडलेले पाणी हेच पुढे मिश्रण पातळ करणारे पहिले पाणी असते. चिकटू नये म्हणून तेल चोळण्याची सवय पुष्कळांना आहे आणि ती सोडलेली बरी; तेलाच्या पापुद्र्यावर दाट मिश्रण ठरत नाही, घसरून खाली जाते. त्याऐवजी कोमट पास्त्यावर चमचाभर व्हिनेगर टाकून ढवळले तर आंबटपणा आतपर्यंत मुरतो. आकार आखूड आणि खाचांचा असावा: वाकडी मॅकरोनी, पिळाचा फुसिली किंवा मटारचा दाणा अलगद पोटात घेणारा शिंपला. लांब शेवयांसारखा पास्ता येथे निरुपयोगी आहे.

आता भाज्या. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि टोमॅटोत जवळजवळ तितकेच, त्यामुळे मीठ लागताच परासरण सुरू होते, म्हणजे पेशीतले पाणी पातळ आवरणातून बाहेरच्या खारट द्रवाकडे ओढले जाते. हे पाणी निघणारच असल्याने ते सॅलडमध्ये निघू देण्यापेक्षा आधीच काढून टाकावे, इतकाच शहाणपणा आहे. जपानी घरांतल्या मॅकरोनी सॅलडसाठी काकडीचे पातळ काप मीठ लावून ठेवतात आणि नंतर घट्ट पिळतात. खमंग काकडी करताना काकडी कोचवून पिळणाऱ्या मराठी घरातील व्यक्तीला ही क्रिया शिकवावी लागत नाही. टोमॅटोचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बियांभोवतीचा गर काढला की पाणी घटते, पण टोमॅटोच्या रुचकरपणाचा मोठा वाटा त्याच गरात असतो, म्हणून तो फेकून न देता गाळून त्याचा रस व्हिनेगरच्या काही भागाऐवजी मिश्रणात घालणे अधिक न्यायाचे ठरते. लहान चेरी टोमॅटो मिळाले तर ते वाढण्याच्या वेळीच अर्धे चिरून घालावेत, म्हणजे हा सगळा व्यापच उरत नाही.

ढोबळी मिरचीतही पाणी थोडेथोडके नसते, पण तिची मेणचट साल ते धरून ठेवते. तुकडे स्वच्छ धारेच्या सुरीने, मटारच्या आकाराचे करावेत आणि आतला पांढरा पडदा काढावा. गाजर किसून घालण्याचा मोह टाळण्यासारखा आहे, कारण किसल्याने पेशी फाटतात, पाणी सुटते आणि मिश्रणाला नारिंगी छटा येते, तर बारीक चौकोनी तुकडे दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहतात. कांदा चिरताच त्यातील विकरे कामाला लागून उग्र गंधकयुक्त द्रव्ये तयार करतात आणि बंद डब्यात ती इतर सर्व चवींवर स्वार होतात. बारीक चिरलेला कांदा दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून, निथळून, कोरड्या फडक्याने टिपला की त्याचा उग्रपणा बराच उतरतो. मटार आणि मक्याचे दाणे पास्ता उतरवण्यापूर्वी शेवटचे मिनिटभर त्याच पातेल्यात सोडले तर वेगळे भांडे लागत नाही.

मेयोनीज हे पायस आहे, म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरून धरलेली अवस्था; येथे तेलाचे थेंब व्हिनेगर-पाण्यात असतात आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार मेयोनीज म्हणवण्यासाठी वजनाने किमान ६५ टक्के तेल असावे लागते, त्यामुळे नुसते मेयोनीज जड पडते. दोन भाग मेयोनीजला एक भाग चक्का, थोडी मोहरीची पेस्ट, मिरपूड आणि लिंबू घातले की ते हलके होते. येथे पातळ दही चालणार नाही, कारण त्यातला निवळ पुन्हा तळाशीच येणार. २५० ग्रॅम सुक्या पास्त्याला २०० ग्रॅमच्या आसपास मिश्रण आणि ३५० ग्रॅम भाज्या हे प्रमाण जमते, मात्र मिश्रणाचा तिसरा भाग बाजूला ठेवून वाढण्यापूर्वी कालवावा, कारण पहिला भाग पास्त्याने तोवर पिऊन टाकलेला असतो. थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते आणि सुगंधही कमी उडतात, म्हणून कालवताना चव जराशी ठळक वाटली पाहिजे. तेव्हा बेताची लागणारी चव ताटात फिकी लागते.

सहलीतल्या पोटदुखीचा दोष नेहमी मेयोनीजवर येतो. बाटलीबंद मेयोनीज आम्लयुक्त असल्याने त्यात जंतू सहज वाढत नाहीत. शिजलेला पास्ता आणि चिरलेल्या भाज्या त्याला पातळ करतात तेव्हा ते संरक्षण कमी होते, आणि खरा धोका या ओलसर, पिष्टमय घटकांत असतो. कच्च्या अंड्याचे घरगुती किंवा दुकानात घोटलेले मेयोनीज ही वेगळी बाब आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली ती उगाच नव्हे. दुधाची किंवा सोयाची प्रथिने वापरून केलेले अंडेविरहित मेयोनीज आता शहरांत सर्रास मिळते आणि या सॅलडमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असे अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासावर थांबावे. मे महिन्यातल्या नागपुरात हा एक तासही सढळच म्हणायचा. भांडे बर्फाच्या परातीत ठेवले, तर पाहुण्यांना जरा निवांतपणे वाढून घेता येते.

उरलेले सॅलड दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकते, फक्त कोरडे पडलेले असल्यास चमचाभर दूध किंवा राखून ठेवलेले मिश्रण घालून ढवळावे लागते. फ्रीझरमध्ये मात्र ते ठेवू नये: बर्फाचे स्फटिक पायस मोडतात, काकडीच्या पेशी फोडतात, आणि वितळल्यावर तेल एकीकडे, पाणी दुसरीकडे अशी अवस्था होते, ती कितीही घोटले तरी सुधारत नाही.