उजेडाचे पडदे

वाद्य ऐकायचे असते की पाहायचे? हा प्रश्न मला पडला तो बोईसरच्या माझ्या पुतण्यामुळे. कारखान्यातल्या पगारातून पैसा पैसा साठवून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. आणि आता तिच्याच मानेला भोके पाडून एल.ई.डी. दिवे बसवणार!

"अरे, लाकूड एकदा कोरले की भरून येत नाही."

"म्हणूनच तीनदा मोजतो, काका."

तारापूरला १९६९ साली अणूपासून वीज निघू लागली; मला मात्र विजेचा धडा मिळाला तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर. तांबड्या दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेल्या ७ व्होल्टना आवरून प्रवाह २० मिलिअँपियरच्या आत ठेवायचा, तर रोध ३५० ओहमच्या वरचा हवा. तारा पिकअपपासून दूर, नाहीतर सुरात गुणगुण शिरते.

पालघरला मी मुलांना अलंकार शिकवतो, तेव्हा हा नुसता शब्दालंकार असणार अशी मला शंका होती. पण दिवे त्याने दर्शनी बाजूला लावलेच नाहीत. मानेच्या कडेला, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यापाशी, वाजवणाऱ्यालाच दिसतील असे आखले. रंगमंचावर अंधार झाला तरी बोटांना घर सापडावे म्हणून!

मग काय, भोके पाडताना टॉर्च धरून मीच शेजारी उभा होतो.