राज्य कोणावर

फ्रिदाचा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर पिवळसर लॅब्रॅडॉर कुत्री, डोळ्यांवर भलामोठा गॉगल, चारही पायांत बूट, अंगावर मेक्सिकोच्या नौदलाचं जाकीट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. वाटलं, कुणा हौशी मालकाने गॅदरिंगसाठी नटवलीय. मग कळलं की गॉगल सिमेंटच्या धुळीसाठी आहे, आणि बूट काचा, पत्रे, सळ्यांसाठी.

तिच्यासोबत काम करणाऱ्या नौसैनिकाचं नाव इस्राएल अराउस सालिनास. तिचं नाव मथळ्यात असायचं, त्याचं बातमीत शोधावं लागायचं.

◆

एक आकडा वहीत नीट लिहून ठेवतो. सप्टेंबर 2017 मध्ये मेक्सिको सिटीत भूकंप झाला आणि फ्रिदा जगभर गाजली. तेव्हा छापून आलं की या कुत्रीने आजवर 52 जीव वाचवले. नंतर शांतपणे हिशोब लागला तो असा: जिवंत सापडले 12. सापडलेले मृतदेह चाळीसहून जास्त.

कुणी मुद्दाम खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. 'सापडले'चं 'वाचले' झालं, एवढंच. घाईत वाचणाऱ्याला हे दोन शब्द सारखेच वाटतात. ढिगाऱ्याशी उभं राहून वाट पाहणाऱ्याला ते कधीच सारखे वाटत नाहीत. तरी त्यालाही दुसरा नाही तर निदान पहिला हवाच असतो.

◆

शोधकुत्र्याचं शिक्षण म्हणजे लपाछपी. सुरुवातीला हँडलर पिलाचं आवडतं खेळणं हातात घेऊन त्याच्यादेखत पळतो आणि आडोशाला दडतो. पिलू धावत जाऊन त्याला गाठतं, भुंकतं, खेळणं मिळवतं. मग दुसरा कुणी लपतो. मग अनोळखी माणूस. मग पिंपात, सिमेंटच्या नळ्यात, मुद्दाम रचलेल्या स्लॅबखाली. माणूस दिसत नाही, फक्त त्याचा वास येतो, अशी वेळ आली की खरा अभ्यास सुरू होतो. सापडला की भुंकायचं, आणि हँडलर जवळ येईपर्यंत भुंकतच राहायचं. मग चेंडू.

आमच्या लहानपणी ज्याच्यावर राज्य यायचं त्याचं तोंड उतरायचं. भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजायचं, त्यातले निम्मे आकडे गिळायचे, आणि तरी वर धप्पा खायचा. हे कुत्रं मात्र आयुष्यभर राज्य मागून घेतं.

◆

वासाचं गणित. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला हजारो मृत त्वचापेशी झडत असतात. घाम, श्वास आणि त्या पेशी मिळून प्रत्येकाभोवती एक अदृश्य धुकं असतं. गाडला गेलेला माणूस हलू शकत नाही, त्याचं धुकं मात्र फटींतून वाट काढत राहतं.

पण वास सरळ वर येत नाही. हवा जिकडे वाहील तिकडे तो जातो. माणूस जिन्याखाली असतो आणि वास निघतो तीन खोल्या पलीकडच्या भेगेतून. म्हणून कुत्रं जिथे भुंकतं तिथेच खणायला लागणं हा नवख्याचा उत्साह. जाणता हँडलर पावडरची बाटली दाबतो, हवेचा झोत कुठून कुठे जातोय ते पाहतो, मग कुत्र्याला दुसऱ्या बाजूने पाठवतो.

आणि कुत्रं धापा टाकू लागलं की त्याला बाजूला घ्यायचं. तोंडाने श्वास घेणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. साधारण वीस-तीस मिनिटं काम, मग सावली, पाणी, आराम. ढिगाऱ्याखाली माणूस आहे आणि कुत्रं सावलीत पहुडलंय, हे पाहून लोक चिडतात. ते बोलणं हँडलरने ऐकून घ्यायचं.

◆

मेक्सिको सिटीत ढिगाऱ्यावर एकाने मूठ वर केली की दुसरा करतो, मग तिसरा, आणि ती मूठ रस्त्याच्या टोकापर्यंत जाते. अर्थ एकच: चूप. बादल्या थांबतात, जनरेटर बंद होतात, शेकडो माणसं श्वास धरून उभी राहतात. खालून काही ऐकू येतंय का?

19 सप्टेंबर 1985 रोजी याच शहरात भूकंपाने हजारो माणसं गेली. बरोबर 32 वर्षांनी, 19 सप्टेंबर 2017 ला, सकाळी 11 वाजता त्या दिवसाची आठवण म्हणून शहरभर सराव झाला. लोक रांगेत बाहेर आले, रांगेत आत गेले. सव्वा वाजता खरा भूकंप आला. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

◆

त्या भूकंपात एनरिके रेब्सामेन नावाची शाळा कोसळली. 19 मुलं आणि 7 मोठी माणसं गेली. फ्रिदा तिथे काम करत होती. आणि तिथेच दुसरी एक फ्रिदा जन्माला आली.

बातमी आली की ढिगाऱ्याखाली एक मुलगी जिवंत आहे. ती बोटं हलवते. पाणी मागते. सोबत आणखी मुलं आहेत असं सांगते. नाव फ्रिदा सोफिया. टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी शाळेसमोर तळ ठोकला, सगळा देश जागा राहिला. तिचे आईवडील मात्र कुठेच दिसेनात. पटावर त्या नावाची विद्यार्थिनी नव्हती. दोन दिवसांनी नौदलाने जाहीर केलं की अशी मुलगी नाही.

मला यात लबाडीपेक्षा तहान जास्त दिसते. थकलेल्या माणसाने आवाज ऐकला, दुसऱ्याने त्याला बोटं दिली, तिसऱ्याने नाव. मुठी वर करून इतकी माणसं कान देऊन उभी राहिली की काहीतरी ऐकू यायलाच हवं असतं.

◆

याच धाग्यातला एक प्रयोग. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अमली पदार्थ आणि स्फोटकं हुडकणारी कुत्री आणि त्यांचे हँडलर अशा 18 जोड्या घेतल्या. एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायचा होता. हँडलरना सांगितलं की काही ठिकाणी लाल कागद लावलाय, तिथे वास लपवलाय. प्रत्यक्षात वास कुठेच लपवला नव्हता. तरीही हँडलरांनी पुन्हा पुन्हा कळवलं की कुत्र्याने इशारा दिला, आणि लाल कागदापाशी सर्वात जास्त वेळा.

कुत्रं आपल्याकडे पाहत असतं. आपण एका जागी अर्धा क्षण जास्त रेंगाळलो, दोर जरा सैल सोडला, श्वास रोखला, की त्याला कळतं की साहेबांना इथे काहीतरी हवंय. खोटं बोलायला त्याला आपणच शिकवतो, तेही नकळत. म्हणजे हँडलरची निम्मी विद्या स्वतःची आशा चेहऱ्यावर येऊ न देण्याची.

◆

म्हणून दुसरी साक्ष लागते. 2017 मध्ये फ्रिदा आठ वर्षांची होती, लॅब्रॅडॉरच्या हिशोबाने उतारवयाकडे झुकलेली. तिच्यासोबत एको आणि एव्हिल ही दोन तरुण मॅलिनॉइस कुत्री होती. ही तरुण जोडी आधी जायची. त्यांनी काही हुंगलं तर खात्री करायला फ्रिदाबाईंना बोलवायचं. आमच्या जुन्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते. सगळे हिशोब शेवटी त्यांच्या टेबलावर यायचे. ते काही बोलायचे नाहीत, फक्त सही करायचे किंवा करायचे नाहीत.

फेब्रुवारी 2023, तुर्कीतला भूकंप. भारतातून एनडीआरएफची पथकं गेली. गाझिआंतेप प्रांतात नुरदागी नावाचं गाव. पथकातली कुत्री ज्युली ढिगाऱ्यात शिरली आणि भुंकली. मग दुसऱ्या कुत्र्याला, रोमिओला नेलं. तोही तिथेच भुंकला. खाली सहा वर्षांची मुलगी होती, तीन दिवसांहून जास्त काळ. जिवंत.

दुसऱ्या कुत्र्याला पहिलं कुठे भुंकलं ते कळू द्यायचं नसतं. कळलेलं असतं हँडलरला, आणि ते माहीत नसल्यासारखं त्याने चालायचं असतं.

◆

बॅरीची आठवण काढल्याशिवाय हा विषय कुणी संपवत नाही. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाचा कुत्रा, 1800 ते 1814. चाळीसहून जास्त माणसं वाचवल्याचं श्रेय. एकेचाळिसाव्याने त्याला लांडगा समजून मारलं अशी दंतकथा आहे. खरं म्हणजे त्याला म्हातारपणी बर्न शहरात नेलं होतं, तिथे तो शांतपणे गेला. आज त्याचं पेंढा भरलेलं शरीर तिथल्या संग्रहालयात आहे. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप तर चित्रकार लँडसीरची देणगी.

वाचवणाऱ्याला वाचलेल्याच्याच हातून मरण, असा शेवट लोकांना का हवा असतो कोण जाणे.

◆

तुर्कीच्या भूकंपात मेक्सिकोची कुत्रीही मदतीला गेली होती. त्यातला प्रोतेओ हा जर्मन शेफर्ड तिथेच मरण पावला. पुढे तुर्कीने मेक्सिकोला त्याच जातीचं एक पिलू भेट दिलं. नाव ठेवलं आर्कादाश, म्हणजे मित्र.

भारताच्या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन दोस्त. 'दोस्त' हा शब्द तुर्कीत आहे, हिंदीत आहे, मराठीत तर घरचाच झालाय. फारसीतून निघालेला शब्द दोन दिशांना गेला आणि ढिगाऱ्यावर परत भेटला. कुत्र्यांना यातलं काही कळलं नसेल. त्यांना शब्दांपैकी फक्त 'शोध' आणि 'शाबास' लागतात, कुठल्याही भाषेत.

◆

इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 ची रात्र, खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. दरड आली. वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे जेसीबी नाही. कुदळ, फावडी, घमेली आणि हात. सोबत श्वानपथक. पाऊस थांबेना.

ओला चिखल घट्ट बसला की फटी बुजतात आणि वास आत कोंडतो. काँक्रीटचा ढिगारा श्वास घेतो, दरडीचा चिखल घेत नाही. तुर्कीत जे नाक चाललं ते सह्याद्रीच्या जुलैत अडतं. त्यात नाकाचा दोष नाही.

27 मृतदेह मिळाले. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ता होते.

लपाछपीत शेवटचा गडी सापडेपर्यंत खेळ संपत नाही. संध्याकाळ झाली, आयांनी हाका मारल्या, तरी ज्याच्यावर राज्य त्याने ओरडून सांगायचं असतं, या रे सगळे बाहेर, खेळ संपला. इथे कुणी आणि कोणाला ओरडून सांगायचं?

'फक्त मृतदेह सापडले' यातला 'फक्त' मी तेव्हापासून लिहीत नाही. फ्रिदाच्या हिशोबातले ते चाळीसहून जास्त, ते चाळीसहून जास्त घरांचं थांबणं संपवून गेले.

◆

'शोध आणि बचाव' असं आपण एका दमात म्हणतो. त्यातला बचाव माणसांचा: कटर, जॅक, दोर, डॉक्टर. कुत्र्याचा फक्त शोध. 'इथे आहे' म्हणणं हे त्याचं काम, आणि त्याहून कितीतरी वेळा न बोलता 'इथे नाही' म्हणणं. कुत्रं एखाद्या ढिगाऱ्यावरून गप्प फिरून आलं की पथक पुढच्या ढिगाऱ्याकडे जातं, आणि तिथल्या कुणाला वेळेत हात पोचतो. त्या गप्प फेऱ्यांची बातमी होत नाही.

◆

24 जून 2019 रोजी फ्रिदा निवृत्त झाली. समारंभात तिचा गणवेश उतरवला. 15 नोव्हेंबर 2022 ला ती गेली. तिची चित्रं भिंतींवर रंगली, पाचशे पेसोच्या नोटेवर तिला घ्या अशीही मागणी झाली होती. पुएब्ला शहरात 2018 मध्ये तिचा पुतळा उभा राहिला. त्यात तिच्याशेजारी अराउसही आहे. मला तो पुतळा आवडतो, कारण तिथे मथळा आणि बातमी शेजारी शेजारी उभे आहेत.

◆

शेवटची नोंद न्यूयॉर्कची, 2001 ची. जुळे मनोरे पडल्यानंतर शेकडो कुत्री तिथे राबली. जिवंत माणसं जवळजवळ कुणालाच सापडेनात. जिवंत माणूस शोधायला शिकलेलं कुत्रं दिवसचे दिवस काही न सापडता फिरलं की मलूल होतं. खेळ आहे, राज्य आपल्यावर आहे, आणि गडी कुणीच नाही.

मग हँडलर एक करत. पाळी संपताना कुणी एक जण जाऊन ढिगाऱ्यात लपे. कुत्र्याला सोडायचं. ते हुंगत जाई, थबके, भुंकू लागे. लपलेला माणूस बाहेर येई, खेळणं देई आणि कौतुक करी. ते कौतुक खरं असावं लागतं, कारण खोटं कुत्र्याला कळतं.

दिवसभर मेलेल्यांत वावरलेल्या माणसाने धुळीत गुडघे टेकून, मनापासून, मोठ्याने हसायचं. तेवढा वेळ राज्य त्याच्यावर.