मंद गळतीचा शोध

फुटलेली घागर एकदाच रडविते. पाझरणारी मात्र घरात कलह माजविते. पाणी कोणी सांडले, हा प्रश्न आधी निघतो आणि घागरीकडे दृष्टी शेवटी वळते. यंत्रांच्या बाबतीतही असेच घडते, हे आम्ही गतवर्षी पुतण्याकडे जर्मनीत राहिलो असता पाहिले.

त्याच्यापाशी मर्सिडीझ-बेन्झची जुनी डिझेल मोटार आहे. १९७६ ते १९८५ या काळात निघालेल्या १२३ मालिकेतील ती होय. हिच्या दारांची कुलपे विजेने नव्हे, तर निर्वाताच्या ओढीने चालतात. एंजिनावरील पंप हवा शोषून घेतो. त्या ओढीचा साठा मागे सामानाच्या कप्प्यातील टाकीत राहतो. चालकाच्या दारात किल्ली फिरविली की बारीक नळ्यांतून ती ओढ इतर दारांस पोहोचते व तेथील रबरी पडदा सरकून कुलूप लागते अथवा उघडते. लावण्याची नळी निराळी व उघडण्याची निराळी.

गाडी नुकतीच चालून आली म्हणजे सर्व दारे शहाण्यासारखी वागत. रात्रभर उभी राहिली की चालकाच्या दाराखेरीज एकही दार किल्लीस दाद देत नसे. एके सकाळी नातवाने मागील दाराची खुंटी हाताने वर करून दप्तर काढले व दार लोटले. पुतण्याने नेहमीप्रमाणे किल्ली फिरविली. सायंकाळी ते दार उघडेच सापडले आणि बोलणी त्या दहा वर्षांच्या मुलास बसली.

आम्हांस यंत्रविद्या येत नाही. परंतु न्यायशास्त्रातील अन्वय व व्यतिरेक आम्ही तरुणपणी घोकले आहेत. एक असता दुसरे असते आणि ते नसता नसते, असे दिसल्यावाचून कारण ठरवू नये. रविवारी पुतण्याने मापक लावलेला हातपंप आणला. कुलपांची मुख्य नळी त्यास जोडून पाऱ्याच्या १५ इंचांइतकी ओढ निर्माण केली. कुलपे उघडी असता काटा स्थिर राहिला. लावलेली असता हळूहळू घसरू लागला. टाकी किंवा मुख्य नळी गळती, तर काटा दोन्ही वेळा घसरता. म्हणजे दोष लावण्याच्या बाजूस होता.

मग त्या बाजूच्या शाखा एकेक करून बुचाने बंद केल्या. डिकीची बंद केली, काटा घसरलाच. मागच्या दोन्ही दारांच्या केल्या, तरी घसरलाच. पुढच्या डाव्या-उजव्यांपैकी चालकाशेजारच्या दाराची शाखा बंद करताच काटा थांबला. अस्तर काढून पाहता नळीच्या रबरी सांध्यास केसाएवढी चीर होती. चाळीस वर्षांत रबर ताठते व तडकते. तो वयाचा धर्म आहे. लहानसा सांधा बदलला आणि दुसऱ्या सकाळी, एंजिन सुरू करण्यापूर्वीच, सर्व दारे उघडली.

अशी गळती क्षुल्लक समजू नये. या गाडीचे एंजिन किल्लीने बंद होते तेही याच निर्वातामुळे, व ब्रेकला साहाय्य मिळते तेही याच पंपाकडून. गळती वाढली तर किल्ली काढल्यावरही एंजिन धडधडत राहते.

पुतण्याने मुलास जवळ बोलावून चिरलेला सांधा त्याच्या तळहातावर ठेवला व म्हणाला, “दोष याचा होता, बाळ.” चिरंजीवांनी तो आपल्या कंपासपेटीत ठेवला. दोष मागच्या दारी दिसला, पण होता पुढच्या दारात. एकत्र कुटुंबातही ओढ एकच आणि शाखा अनेक असतात. म्हणून जेथे बिघाड दिसला तेथेच बोट ठेवण्यापूर्वी प्रत्येक शाखा शांतपणे तपासावी, आणि मुलांस बोल लावणे तर अगदी शेवटी राखावे.